लोडसेल मागवताना ‘आयपी ६७’ एवढ्यावर थांबू नका

पावसाळ्यात आणि गळीत हंगामाच्या तोंडावर आमच्याकडे लोडसेलची, म्हणजे काट्यात वजन मोजणाऱ्या भागाची, एकच मागणी येते: ‘सेल गेलाय, तसाच दुसरा द्या, आयपी ६७ बघा.’ आम्ही मग विचारतो, सेल बसतो कुठे, धुता कशाने? काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. पण एकाच हॉपरखाली (माल भरायच्या नरसाळ्यासारख्या टाकीखाली) दरवर्षी सेल जात असेल, तर तोच पुन्हा बसवून पैसे आणि बंद काळ दोन्ही वाया जातात.

आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. ६७ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. ७ म्हणजे एक मीटरपर्यंत पाण्यात अर्धा तास टिकतो. ही चाचणी साध्या, स्थिर पाण्यातली आहे. दूध प्लँटमध्ये मात्र धुण्याचं कॉस्टिक रसायन असतं, गरम पाण्याचा जेट असतो. शिवाय तापलेल्या सेलवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि ग्लँडच्या (केबल आत शिरते तिथल्या बुचाच्या) फटीतून ओल आत ओढली जाते. ‘पाण्यात बुडवला नव्हता, तरी कसा गेला?’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

रोज जेटने धुणार असाल तर आयपी ६९के मागा. त्याची चाचणी ८० अंशाच्या, ८० ते १०० बार दाबाच्या पाण्याने होते. मात्र तो बुडून चालेलच असं नाही. पिटमधल्या (खड्ड्यातल्या) वेब्रिजला, म्हणजे गाड्या तोलणाऱ्या काट्याला, जिथे पाणी साचतं, तिथे ६८ हवा. आणि किती खोल, किती वेळ, हे कंपनीच्या कागदावर वाचूनच घ्या, कारण तो आकडा प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते.

‘स्टेनलेस आहे ना?’ एवढंही पुरत नाही. बॉडी स्टेनलेस आणि आत नुसतं सिलिकॉन भरलेलं, असे सेल बाजारात भरपूर आहेत. गेजवरचं (आतल्या ताण मोजणाऱ्या पट्टीवरचं) झाकण वेल्ड केलेलं आहे का आणि केबल आत शिरते ती जागा कशी बंद केली आहे, हे विचारा. मासळी किंवा लोणच्याच्या युनिटमध्ये मिठामुळे स्टेनलेसलाही खड्डे पडतात, म्हणून तिथलं काम असेल तर आधी सांगा.

रिकाम्या काट्याचा सकाळचा झीरो दुपारी हलत असेल तर ओलीची शंका घ्या. सेलच्या वायरी जंक्शन बॉक्समधून (वायरी जोडायच्या डब्यातून) सोडवून बॉडी आणि वायरींमधला रोध ५० व्होल्टच्या मेगरने (रोध मोजायच्या उपकरणाने) तपासा. चांगल्या सेलला तो हजारो मेगओम येतो.

चार वायरच्या सेलची केबल कापू नका. कारखान्यातलं कॅलिब्रेशन (माप जुळवणं) त्या लांबीसकट केलेलं असतं, आणि उघड्या टोकातून ओल केबलमधूनच सेलपर्यंत पोचते. जास्तीची केबल गुंडाळून ठेवा. कापलेल्या केबलवर आम्ही वॉरंटी देत नाही, ते याच कारणाने. साखर कारखान्यात उंदीर असतातच, तिथे जाळीवाली केबल घ्या. हॉपरवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी सेल काढा.

वेल्डेड सेल महाग पडतो, खरं आहे. कोरड्या गोदामातल्या काट्याला आम्ही स्वतःच साधा सेल सुचवतो. तुम्ही फक्त जागेचा एक फोटो, तिथलं तापमान, धुण्याचं रसायन आणि केबलची लांबी पाठवा. योग्य मॉडेल आम्ही काढून देतो, त्याचे पैसे घेत नाही. आणि वेब्रिजचा सेल बदलल्यावर वैधमापन विभागाकडून फेरपडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यावं लागतं, म्हणून ऑर्डर उसाच्या गाड्या दारात उभ्या राहण्याआधी द्या.