गच्चीवरच्या विजेचा हिशेब: ठाणे-नवी मुंबईतील सौर वादाची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विषय आता नेमाने पटलावर येतो आणि बहुतेक वेळा पुढच्या सभेवर ढकलला जातो. एक सभासद जुने दरपत्रक काढून दाखवतो, दुसरा शेजारच्या संकुलाचे वीजबिल फिरवतो, तिसरा म्हणतो की वीज गेल्यावर हे काहीच उपयोगाचे नाही. तिघांचेही म्हणणे खोटे नसते. मात्र प्रत्येकजण वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या नियमांखालच्या सौरऊर्जेबद्दल बोलत असतो. म्हणूनच "हे व्यवहार्य आहे का" हा प्रश्न इथे कसकसा बदलत गेला, ते आधी पाहायला हवे.

या पट्ट्याला कोळशाविना तयार झालेली वीज नवी नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी कोकणाच्या बाजूला सोडून खोपोलीला १९१५ साली वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे उभी राहिली. ती वीज प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. तेव्हा तिला कोणी हरित म्हणत नसे. कोळसा लांबून आणावा लागत होता आणि पाणी डोक्यावर होते, एवढाच तो व्यवहार होता.

आजच्या वादाची खरी सुरुवात भारनियमनाच्या वर्षांत आहे. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ साली बंद पडला, नवी निर्मितिक्षमता वेळेत आली नाही आणि २००५ नंतरची काही वर्षे राज्यात विजेचा तुटवडा हजारो मेगावॉटचा होता. मुंबई शहर आणि बहुतांश उपनगरे त्यातून सुटली, कारण तिथल्या पुरवठादार कंपन्या वेगळ्या होत्या. सरकारी वितरण कंपनीच्या क्षेत्रातली भांडुप-मुलुंडपासून पुढची वस्ती, ठाणे आणि नवी मुंबई मात्र त्यात सापडली. त्या काळात घरोघरी बॅटरीवरचे इन्व्हर्टर आले, मोठ्या संकुलांत लिफ्टसाठी डिझेलचे जनित्र आले आणि सौर वीज म्हणजे अंधारावरचा उपाय ही समजूत लोकांच्या मनात घट्ट बसली.

ती समजूत अजून गेलेली नाही, आणि त्यातून होणारा गैरसमज मोठा आहे. आज गच्च्यांवर बसणारी बहुतेक यंत्रणा वीजपुरवठ्याच्या जाळ्याला (ग्रिडला) जोडलेली असते. जाळ्यातला पुरवठा बंद झाला की तिचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो, कारण तो थांबला नाही तर खाली दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या तारेत वीज उतरेल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा पुरवठा एकदम बंद पडला, तेव्हा अशा गच्च्यांवरचे पॅनेलही दिवसाढवळ्या निकामी झाले. ज्यांनी ते नुकतेच बसवून घेतले होते, त्यांना त्या दिवशी फसवणूक झाल्यासारखे वाटले. वास्तविक यंत्रणेत दोष नव्हता. ती बिल कमी करण्यासाठी होती आणि लोकांनी ती दिवे चालू राहतील या अपेक्षेने घेतली होती. दिवे चालू ठेवायचे तर बॅटरी लागते, आणि बॅटरी आली की खर्चाचे सगळे गणित बदलते.

सौर विजेच्या आधी सौर पाणीतापकांचा एक अध्याय होऊन गेला, आणि ठाण्याच्या मनावर त्याचे ओरखडे आहेत. नव्या इमारतींना पाणीतापक सक्तीचे करणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या महापालिकांत ठाण्याची गणना होते. कल्पना चांगली होती: सकाळच्या अंघोळीसाठी घरोघरी एकाच वेळी सुरू होणारे गिझर बंद झाले, तर मागणीचा तो ताण हलका होईल. पण सक्ती यंत्र बसवण्याची होती, चालवण्याची नव्हती. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत टाक्या चकचकीत असत. घोडबंदर रोडवरच्या आमच्या संकुलात विकासकाने टाक्या दिल्या, पण वरून खाली येणारी गरम पाण्याची नळवाहिनी वरच्या मोजक्याच मजल्यांपर्यंत नेली. खालच्या सभासदांनी देखभालीचा खर्च का द्यायचा, या वादात दोन वर्षे गेली. तोवर काचेच्या नळ्यांमध्ये क्षाराचा थर बसला, काही फुटल्या, आणि शेवटी सांगाडा भंगारात गेला. "सोलर आम्ही एकदा करून पाहिले आहे" असे एखादे ज्येष्ठ सभासद आजही सभेत सांगतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हा सांगाडा असतो. पाणी तापवणारी नळी आणि वीज तयार करणारे पॅनेल यांत तांत्रिक नाते फारसे नाही, पण अनुभवाने ती दोन्ही एकाच खात्यात टाकली आहेत.

केंद्राने २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले, तेव्हा २०२२ पर्यंत २० हजार मेगावॉटचे लक्ष्य होते. २०१५ मध्ये ते १ लाख मेगावॉट झाले आणि त्यातले ४० हजार मेगावॉट छतांवरून यावेत असे ठरले. मोकळ्या माळावरच्या प्रकल्पांचे दर झपाट्याने उतरले. अभियानाच्या पहिल्या लिलावांत प्रतियुनिट १० रुपयांच्या वर असलेला दर २०१७ साली राजस्थानातल्या भडला येथे २ रुपये ४४ पैशांवर आला आणि २०२० च्या अखेरीस गुजरातच्या लिलावात २ रुपयांच्याही खाली गेला. छतावरचे लक्ष्य मात्र २०२२ मध्ये फार मागे राहिले. सूर्य माळावर आणि गच्चीवर सारखाच तळपतो, पॅनेलही तेच असते. फरक हिशेबाच्या नियमांत होता, आणि त्या नियमांवर इथे सविस्तर थांबायला हवे.

महाराष्ट्रात २०१५ साली राज्य वीज नियामक आयोगाने छतावरील सौर यंत्रणेसाठी नेट मीटरिंगचे विनियम आणले. हा शब्द आज बिलावर छापून येतो, पण त्याचा अर्थ सभेत विचारला तर चार उत्तरे मिळतात. दिवसा पॅनेलने तयार केलेली जी वीज आपण त्या क्षणी वापरत नाही, ती जाळ्यात जाते आणि मीटर तिची निर्यात म्हणून नोंद करतो. रात्री आपण जाळ्यातून घेतो ती आयात. महिन्याअखेरी आयातीतून निर्यात वजा होते आणि उरलेल्या युनिटांचेच बिल येते. निर्यात जास्त झाली तर जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, ज्याला सगळे 'बँकिंग' म्हणतात. या शब्दाने पुष्कळ घोटाळा केला आहे. बँकेत ठेवलेले पैसे आपले असतात आणि हवे तेव्हा काढता येतात. इथले युनिट आर्थिक वर्ष संपले की संपतात, आणि उरलेल्या युनिटांचे पैसे वापराच्या दराने न मिळता बऱ्याच कमी दराने मिळतात. त्यातही वर्ष संपते ३१ मार्चला. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चला आभाळ निरभ्र असते, पंखे-एसी अजून पूर्ण जोमात नसतात, म्हणून युनिट शिल्लक पडतात. आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा ती खरोखर लागतात, तेव्हा खाते शून्यावरून सुरू झालेले असते. वर्षाची ही सीमारेषा लेखापरीक्षणाच्या सोयीने आखली आहे; ग्राहकाच्या ऋतूशी तिचा मेळ बसत नाही, ही तक्रार मला रास्त वाटते.

तरीही २०१५ ची व्यवस्था एकंदरीत ग्राहकाच्या बाजूची होती. वितरण कंपन्यांना ती जाचू लागली, आणि त्यातून २०१९ मध्ये आयोगाचा नव्या विनियमांचा मसुदा आला, ज्याची सावली आजच्या चर्चेवरही आहे. त्यात सुचवले होते की महिन्याला ३०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांनाच नेट मीटरिंग मिळावे आणि इतरांना नेट बिलिंग लागू व्हावे. कानाला दोन्ही शब्द सख्खे भाऊ वाटतात. नेट मीटरिंगमध्ये युनिटातून युनिट वजा होते. नेट बिलिंगमध्ये रुपयांतून रुपये वजा होतात, आणि दोन्हीकडचे दर वेगळे असतात. समजा, एखाद्या घराचा वापर ४०० युनिट आहे आणि पॅनेलने ३०० युनिट दिले. पहिल्या पद्धतीत १०० युनिटांचे बिल येते, तेही सगळ्यात खालच्या टप्प्याच्या दराने. दुसऱ्या पद्धतीत ४०० युनिटांचे बिल वरच्या टप्प्यापर्यंत चढत लागते आणि त्यातून ३०० युनिटांचे पैसे घाऊक खरेदीच्या दराने वजा होतात. पॅनेल तेच, ऊनही तेच, पण गुंतवणूक फिटण्याचा काळ दुसऱ्या पद्धतीत कितीतरी लांबतो.

३०० हाच आकडा का, याचे उत्तर आपल्या बिलातच आहे. घरगुती दराचे टप्पे १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे असे आहेत, आणि वरच्या टप्प्यातले ग्राहक जो चढा दर देतात, त्यातून लहान ग्राहक आणि शेतीपंप यांचा दर खाली ठेवला जातो. हा वरचा ग्राहक पॅनेल बसवून १०० युनिटांच्या टप्प्यात उतरला, तर त्याने उचललेला भार कोणावर पडणार, असा वितरण कंपन्यांचा प्रश्न होता. शिवाय हा ग्राहक जाळे सोडत नाही. रात्री आणि पावसाळ्यात त्याला तेच जाळे लागते. हा युक्तिवाद पोकळ नाही. लोकमान्यनगरातल्या चाळीतल्या कुटुंबाने वसंत विहारमधल्या सदनिकेच्या जाळ्याचा खर्च का द्यावा, हा न्यायाचाच प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर जाळ्याच्या वापराचे उघड शुल्क ठरवून देता आले असते. त्याऐवजी मसुद्याने नेमक्या त्याच ग्राहकाला दूर सारले, ज्याच्या हाती गुंतवणुकीसाठी पैसा होता. हरकती मोठ्या संख्येने आल्या. वर्षअखेरीस निघालेल्या अंतिम विनियमांत ३०० युनिटांची अट गेली, नेट मीटरिंग राहिले, नेट बिलिंग हा पर्याय झाला, आणि जाळ्याच्या शुल्काची तरतूद पुढच्या काळासाठी राखून ठेवली गेली.

एवढ्यावर स्थिरता आली असती. पण डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने वीज ग्राहकहक्कांचे नियम काढले आणि त्यात नेट मीटरिंगची मर्यादा १० किलोवॉट ठेवली. संकुलाच्या सामाईक जोडणीला १० किलोवॉटने काही होत नाही. ओरड झाली आणि जून २०२१ मध्ये ही मर्यादा ५०० किलोवॉट झाली. मधल्या सहा महिन्यांत मंजुरीच्या उंबरठ्यावर असलेल्या आमच्यासारख्या अनेक संस्थांनी ठराव गुंडाळून ठेवले, आणि एकदा गुंडाळलेला ठराव पुन्हा उलगडायला नवी समिती यावी लागते.

नियम अनुकूल झाले तरी गच्ची कोणाची हा प्रश्न उरतोच. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि त्यातून वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटांच्या आसपास वीज मिळते; जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून बरीच कमी. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या उंच मनोऱ्याची गच्ची ५ हजार चौरस फुटांची धरली, तरी पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, अग्निशमनासाठी सोडायची वाट आणि सावली वजा जाता निम्मी हाती लागते. तिथे २५ किलोवॉट बसतील आणि महिन्याला ३ हजार युनिट मिळतील. शंभरावर सदनिकांच्या इमारतीत ती वीज घरांना पुरणार नाही, पण लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरचा मोठा भाग ती उचलू शकते. वाशी-नेरूळच्या जुन्या वसाहतींतल्या चार-पाच मजली इमारतींत हेच प्रमाण अधिक सोयीचे आहे, पण तिथे गळतीवर उपाय म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली असते, आणि ती शेड पॅनेलचे वजन आणि वादळी वारा पेलेल का हे आधी अभियंत्याकडून तपासून घ्यावे लागते. ठाण्यातल्या अनेक संस्थांचे अभिहस्तांतरणच, म्हणजे जमीन आणि इमारत विकासकाकडून संस्थेच्या नावावर होणे, झालेले नाही. विकासकाच्या सहीविना होणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज वर्षानुवर्षे पडून असताना पंचवीस वर्षे टिकणारी यंत्रणा कोणाच्या मालकीच्या गच्चीवर बसवायची, हे ठरवणे सोपे नसते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची घरगुती छतांसाठीची नवी योजना आली. वैयक्तिक घराला ७८ हजार रुपयांपर्यंत आणि गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापराला प्रतिकिलोवॉट १८ हजार रुपये असे अनुदान त्यात आहे. त्याच महिन्यात १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीतून सूट मिळाली. बंगला असलेल्याला याचा लाभ लगेच होतो. सदनिकेत राहणाऱ्याला स्वतःची गच्ची नाही, म्हणून त्याच्यासाठी योजना म्हणजे पुन्हा सामाईक मीटरच.

आणि आता हिशेबाचे चाक आणखी एकदा फिरते आहे. राज्यात दुपारची सौर वीज इतकी वाढली आहे की वितरण कंपनीच्या दृष्टीने दुपारचे युनिट स्वस्त आणि संध्याकाळचे महाग झाले आहे. २०२५ च्या सुरुवातीच्या दरप्रस्तावात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हा सवलतीचा काळ ठरवण्याची मांडणी आली, आणि गच्चीवाल्यांना धास्ती पडली की दुपारी दिलेले युनिट रात्रीच्या युनिटातून वजा होणे यापुढे टिकणार नाही. आमच्या गच्चीवरही अखेर पॅनेल बसले आहेत, आणि समितीने या धास्तीवर एक साधा उपाय केला आहे. पहाटे ५ वाजता सुरू होणारे पाण्याचे पंप आता ११ ते २ या वेळेत चालतात. गच्चीवरची टाकी दुपारी भरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरते. त्यासाठी टायमर बदलला आणि पहारेकऱ्याच्या वहीतली वेळ बदलली. सभासदांपैकी कोणाच्या ते लक्षातही आले नाही, पण पुढच्या महिन्याच्या बिलावर आयात आणि निर्यात हे दोन्ही आकडे उतरले.