जुन्या लॅपटॉपला कुठला डेस्कटॉप मानवेल?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत अपडेट थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेले, एरवी धडधाकट असे कितीतरी लॅपटॉप एका दिवसात बिनकामाचे ठरले. अशा वेळी ‘त्यात लिनक्स टाक’ (विंडोजच्या जागी चालणारी मोफत व्यवस्था) असा सल्ला हमखास मिळतो. तो योग्यच आहे, पण सल्ला देणारा इथेच थांबतो. लिनक्स मिंट या वितरणाच्या (म्हणजे लिनक्सच्या एका तयार संचाच्या) डाउनलोड पानावर पोचलं की पहिलाच प्रश्न समोर येतो: सिनॅमन, माते की एक्सएफसीई? उबुंटूकडे वळलात तर उबुंटू, कुबुंटू, झुबुंटू, लुबुंटू अशी बाराखडीच सुरू होते.

या सगळ्यांत फरक असतो तो डेस्कटॉपचा, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या थराचा: उबुंटूत ग्नोम, कुबुंटूत केडीई प्लाझ्मा, झुबुंटूत एक्सएफसीई, लुबुंटूत एलएक्सक्यूटी. खालची यंत्रणा, म्हणजे कर्नल (व्यवस्थेचा गाभा), वायफायचे ड्रायव्हर, छपाईची व्यवस्था, सगळीकडे जवळजवळ तीच असते. बदलतो तो वरचा थर: खिडक्यांना चौकट देणारा आणि त्या हलवणारा विंडो मॅनेजर, खालची किंवा वरची पट्टी, फायली उघडणारा प्रोग्राम, सेटिंग्ज आणि लॉगिननंतर हे सगळं क्रमाने उभं करणारा सेशन मॅनेजर. एक्सएफसीईत विंडो मॅनेजरचं नाव एक्सएफडब्ल्यूएम आणि फायलींसाठी थुनार. केडीई प्लाझ्मात क्विन आणि डॉल्फिन, ग्नोममध्ये मटर आणि नॉटिलस. त्यामुळे ‘झुबुंटूत माझं वायफाय चालेना, कुबुंटू टाकून बघतो’ हा उपाय सहसा वाया जातो, कारण दोन्हीकडे ड्रायव्हर एकच.

इतके डेस्कटॉप झाले कसे, त्याची गोष्ट लहान आहे. १४ ऑक्टोबर १९९६ ला (हो, तीच तारीख) मॅथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने केडीईची घोषणा केली. तक्रार साधी होती: लिनक्सवरचा प्रत्येक प्रोग्राम वेगळा दिसतो आणि वेगळा वागतो. त्याने पायाला घेतलेल्या क्यूटी या साधनसंचाचा परवाना तेव्हा पूर्णपणे मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केला. पुढे २०११ मध्ये ग्नोम ३ ने खालची पट्टी आणि जुना मेनू काढून टाकला, तेव्हा नाराज मंडळींनी दोन वाटा धरल्या. काहींनी ग्नोम २ चाच कोड उचलून ‘माते’ चालवला (नाव अर्जेंटिनातल्या पेयाचं आहे, ‘मेट’ म्हणू नये), तर मिंटवाल्यांनी ग्नोम ३ च्या तंत्रावर जुनी मांडणी बसवून सिनॅमन केला. एक्सएफसीई या भांडणांच्या आधीपासून, १९९६ पासून, आपल्या गतीने चालत आला आहे.

आता निवडीकडे. बहुतेक जण रॅमपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. नुसतं लॉगिन करून, काहीही न उघडता मोजलं तर आजच्या वितरणांत एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई साधारण पाऊण जीबीच्या आसपास, प्लाझ्मा आणि सिनॅमन एक जीबीच्या आसपास आणि ग्नोम त्याहून थोडा वर, असं दिसतं. आकडे वितरणागणिक हलतात, पण सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड डेस्कटॉपमधलं अंतर अर्धा ते पाऊण जीबी एवढंच भरतं. ब्राउझरमध्ये बातम्यांची चार-पाच पानं उघडली की तेवढी रॅम तिथेच जाते. म्हणजे मशीनमध्ये ८ जीबी असेल तर रॅमसाठी डेस्कटॉप बदलण्यात काही हशील नाही. ४ जीबी असेल तर हा अर्धा जीबी मोलाचा, आणि २ जीबी असेल तर डेस्कटॉप कुठलाही घ्या, खरी मारामारी ब्राउझरशीच होणार.

मोजतानाही एक चूक सर्रास होते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘फ्री’ ही आज्ञा दिली की ‘फ्री’ नावाच्याच रकान्यात दीडदोनशे एमबी दिसतात आणि माणूस घाबरतो. रिकामी रॅम लिनक्स वाया जाऊ देत नाही, डिस्कवरून वाचलेल्या फायली तिच्यात साठवून ठेवतो आणि गरज पडली की लगेच सोडतो. म्हणून पाहायचा तो शेवटचा, ‘अव्हेलेबल’चा रकाना.

जुना लॅपटॉप रडतरखडत चालण्याचं खरं कारण बहुतेकदा फिरती हार्ड डिस्क असतं. लॅपटॉपमधली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात सुई सरकण्याचे १०-१२ मिलिसेकंद धरले तर विखुरलेली लहान वाचनं सेकंदाला साठच्या आसपास होतात. साटा जोडणीच्या साध्या एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कवर, हाच आकडा काही दहा हजारांत जातो. डेस्कटॉप उभा राहताना आयकॉन, फॉन्ट, लायब्ररी अशा शेकडो-हजारो बारक्या फायली वाचतो, त्यामुळे हार्ड डिस्कवर एक्सएफसीईसुद्धा कुंथतो आणि एसएसडीवर ग्नोमही झटकन उघडतो. खर्च करायचाच तर आधी २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी घ्यावी, डेस्कटॉपचा वाद नंतर घालावा.

त्यानंतर पाहायचं ते ग्राफिक्स. पूर्वी प्रत्येक प्रोग्राम थेट पडद्यावर रंग भरायचा. आता प्रोग्राम आपापल्या खिडकीचं चित्र वेगळं बनवतो आणि कंपोझिटर ती सगळी चित्रं एकावर एक रचून पडद्यावर पाठवतो. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर एक चौकट, म्हणजे पूर्ण पडद्याचं एक चित्र, सुमारे ४.२ एमबीची. सगळा पडदा हलत असेल आणि सेकंदाला ६० चौकटी काढायच्या असतील तर निव्वळ रंगकाम २५० एमबीचं होतं, फुल एचडीवर जवळपास ५०० एमबीचं. ग्राफिक्स चिपला हे काहीच नाही. पण तिचा ड्रायव्हर नीट बसला नसेल तर हे काम मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडतं, आणि मग खिडकी ओढली तरी पंखा गरगरायला लागतो. तपासायचं कसं? सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ किंवा ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा आणि ग्राफिक्ससमोर काय लिहिलंय ते वाचा. तिथे इंटेल किंवा एएमडीचं नाव असेल तर ठीक. ‘एलएलव्हीएमपाइप’ असा शब्द दिसला तर चित्रं प्रोसेसर काढतोय असं समजावं. अशा मशीनवर ग्नोम, प्लाझ्मा आणि सिनॅमन तिन्ही जड जातील. एक्सएफसीई आणि माते इथे उपयोगी पडतात, कारण त्यांचा कंपोझिटर सेटिंग्जमधून सरळ बंद करता येतो. सावल्या आणि पारदर्शकपणा जातो, व्हिडिओत कधी आडवी चीर दिसते, पण मशीन हलतं.

एनव्हिडियाचं जुनं कार्ड असेल तर आणखी एक गुंता आहे. १९८४ पासूनच्या एक्स या चित्रव्यवस्थेची जागा आता वेलँड घेतंय. ग्नोम आणि प्लाझ्मा मुख्यतः वेलँडवर गेले आहेत, उबुंटू २५.१० मध्ये तर ग्नोमचं एक्सवरचं सेशनच काढून टाकलं. ज्या कार्डांची गाडी एनव्हिडियाच्या ३९० किंवा ४७० क्रमांकाच्या जुन्या ड्रायव्हरवर थांबली आहे, ती वेलँडवर धड चालत नाहीत. लॉगिननंतर काळा पडदा हे नेहमीचं लक्षण. त्यांच्यासाठी एक्सवर चालणारे सिनॅमन, माते किंवा एक्सएफसीईच बरे.

उलट नवा, बारीक ठिपक्यांचा पडदा असेल तर पारडं फिरतं. १४ इंची फुल एचडी पडद्यावर इंचाला १५७ ठिपके बसतात. १०० टक्क्यांवर ठेवलं तर इंग्रजी अक्षरं बारीक पण वाचण्याजोगी राहतात, देवनागरीचे मात्र हाल होतात, कारण आपल्याला रेषेच्या वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. ‘वर्षांनी’मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून नुसता ठिपका दिसतो. इथे १२५ टक्के हवेत, आणि असं अपूर्णांकातलं मोठं करणं प्लाझ्माला वेलँडवर सगळ्यांत चांगलं जमतं. ग्नोमही करतो, पण एक्ससाठी लिहिलेले जुने प्रोग्राम त्यात धूसर दिसू शकतात. एक्सएफसीईत पडदा थेट दुप्पट करता येतो; ‘डिस्प्ले’मध्ये मधली मापंही आहेत, पण त्यांत अक्षरं धूसर दिसू शकतात. त्यापेक्षा ‘अपीअरन्स’मध्ये फॉन्टच्या पानावर डीपीआय (इंचाला किती ठिपके) ९६ चा १२० करावा. अक्षरं सव्वापट होतात, चित्रं आणि बटणं मात्र तेवढीच राहतात. रोज आठ तास मराठी मजकूर वाचणाऱ्याने रॅमपेक्षा या मुद्द्यावर निवड केलेली बरी.

आणि टंकलेखन. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळरचना) येत असेल तर काळजी नाही. मराठी इनस्क्रिप्ट हा साधा कीबोर्ड लेआउट म्हणून व्यवस्थेत आधीच असतो, सेटिंग्जमधून जोडला की कुठल्याही डेस्कटॉपवर सारखाच चालतो. ‘तऱ्हा’ लिहून पाहा: एल, शिफ्टसह जे, डी, यू, ई या कळा क्रमाने दाबल्या की नुक्त्याचा ऱ आणि हलन्त जोडला जाऊन अर्धचंद्रासारखा र उमटला पाहिजे. उच्चारावरून लिहिणाऱ्यांना मात्र आयबस किंवा एफसिटिक्स ५ यांपैकी एक इनपुट व्यवस्था लागते आणि तिथे डेस्कटॉपचा फरक जाणवतो. ग्नोममध्ये आयबस आतच बसवलेला आहे. त्याचं एम१७एन हे पॅकेज टाकायचं, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायचं, कीबोर्डच्या ‘इनपुट सोर्सेस’मध्ये मराठीचा फोनेटिक प्रकार जोडायचा आणि सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस दाबून भाषा बदलायची. मिंटमध्ये ‘इनपुट मेथड’ नावाचा वेगळा प्रोग्राम आहे. प्लाझ्मात वेलँडवर एक पायरी हमखास राहून जाते: सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ उघडून तिथे ‘एफसिटिक्स ५’ किंवा ‘आयबस वेलँड’ निवडावं लागतं. ‘व्हर्च्युअल’ या नावामुळे कोणी तिकडे फिरकत नाही, आणि मग एका खिडकीत मराठी उमटतं, दुसरीत उमटत नाही.

निवडण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहण्याची सोय आहे, ती वापरावी. ३२ जीबीच्या ड्राइव्हवर व्हेंटॉय हे साधन बसवलं (त्यावरचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवून) की चारपाच आयएसओ फायली (वितरणं ज्या रूपात डाउनलोड होतात त्या) नुसत्या कॉपी करून एकामागून एक चालू करता येतात. पण या चाचणीत वेगाला गुण देऊ नयेत. सगळं दाबून ठेवलेल्या फाइलमधून, तेही यूएसबीवरून वाचलं जात असतं, त्यामुळे सगळेच मंद वाटणार. पाहायचं ते हे: झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतं का, प्रकाश कमीजास्त करायच्या कळा चालतात का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का, प्रोजेक्टर किंवा दुसरा पडदा जोडल्यावर काय होतं.

एक गोष्ट ग्नोम घेणाऱ्यांसाठी. खिडकी लहान करायचं बटण, डेस्कटॉपवरचे आयकॉन, कायम दिसणारी पट्टी हे मूळ ग्नोममध्ये नसतं आणि लोक ते एक्स्टेन्शन (छोटे जोड-प्रोग्राम) टाकून परत आणतात. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि एक्स्टेन्शन आवृत्तीला बांधलेली असतात. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ ने तर त्यांची लिहिण्याची पद्धतच बदलली, जुनी सगळी एका फटक्यात बंद पडली. आहे तसा आवडला तर ग्नोम घ्यावा. पाचसहा एक्स्टेन्शन टाकून त्याला विंडोजसारखा करायचा असेल तर ते सगळं सिनॅमनमध्ये पहिल्या दिवसापासून मिळतं.

राहता राहिला मोह, एकावर दुसरा डेस्कटॉप चढवण्याचा. डेबियन या वितरणाच्या इन्स्टॉलरमध्ये तो नकळत घडतो: यादीत ग्नोमवर आधीच खूण असते, माणूस एक्सएफसीईवर खूण करतो, ग्नोमची काढायला विसरतो आणि दोन्ही बसतात. नुकसान होतं असं नाही, पण मेनूत प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते, पासवर्डच्या दोन तिजोऱ्या वेगवेगळे प्रश्न विचारतात आणि प्लाझ्मा आपली थीम होम फोल्डरमधल्या जीटीकेच्या (एक्सएफसीई ज्यावर बांधला आहे त्या साधनसंचाच्या) फाइलमध्ये लिहून ठेवतो, म्हणून एक्सएफसीईत परतल्यावर बटणं आणि कर्सर परक्यासारखे दिसतात. तरीही करून पाहायचं असेल तर आधी टाइमशिफ्ट या प्रोग्रामने स्नॅपशॉट (व्यवस्थेची त्या क्षणाची नक्कल) घ्या आणि प्रयोगासाठी वेगळा युझर बनवा, म्हणजे तुमच्या होममधल्या सेटिंग्जना धक्का लागणार नाही. मध्येच लॉगिनचा पडदा कुणाचा ठेवायचा असा प्रश्न येईल, तिथे आधीचाच ठेवावा. नको झाल्यावर फक्त मुख्य पॅकेज काढून भागत नाही, त्याने सोबत आणलेली शेकडो पॅकेजं मागे राहतात. डेबियन, उबुंटू आणि मिंटमध्ये त्यांची पूर्ण यादी ‘व्हार’ फोल्डरमधल्या ‘लॉग’मध्ये, ‘ॲप्ट’च्या (पॅकेजं टाकणाऱ्या-काढणाऱ्या साधनाच्या) ‘हिस्टरी’ फाइलमध्ये तारीख-वेळेसह लिहिलेली असते. त्या दिवसाची नोंद शोधायची आणि तिथली नावं काढण्याच्या आज्ञेत टाकायची. एंटर दाबण्याआधी ॲप्ट काय काय काढणार ते दाखवतो. त्यात वायफाय सांभाळणाऱ्या नेटवर्क-मॅनेजरचं नाव दिसलं तर लगेच ‘नाही’ म्हणा, कारण ते गेलं की परत आणायला इंटरनेट नसतं.