ॲसिरियन शिल्पपट, मुंबई

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) दगडी उठावशिल्पांचा छोटा, पण मोलाचा संग्रह. ॲसिरिया या मेसोपोटेमियातील प्राचीन राज्याचा राजा दुसरा अशुरनासिरपाल (कारकीर्द इ. स. पू. ८८३–८५९) याने काल्हू येथे, म्हणजे आजच्या इराकमधील निमरुदला, बांधलेल्या राजवाड्यातून हे पट आले. संग्रहालयाचे नाव निघाले की लघुचित्रांची चर्चा होते. या पटांकडे मात्र जावे तितके लक्ष जात नाही.

राजवाड्याच्या कच्च्या विटांच्या भिंतींना खालच्या बाजूने जिप्समच्या लाद्या लावलेल्या असत. हा दगड मऊ असल्याने कोरक्याला बारीकसारीक काम साधे. उठाव जेमतेम बोटभर. तरीही दाढीची वळी, झालरीचे धागे, मनगटावरच्या कड्यातले फूल, पोटरीचे ताणलेले स्नायू स्पष्ट दिसतात. पंख असलेल्या रक्षक देवता एका हातात छोटी बादली आणि दुसऱ्यात शंकूसारखी वस्तू धरतात; हा शुद्धीकरणाचा विधी असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. शिल्पांवरून आडवा जाणारा कीलाकार (पाचरीसारख्या खुणांच्या लिपीतला) लेख लादीमागून लादी जवळजवळ तोच आहे: राजाची वंशावळ, त्याने जिंकलेले प्रदेश आणि राजवाड्यासाठी वापरलेली देवदार, सायप्रस वगैरे लाकडे. लेख आकृतीच्या अंगावरून गेला तरी राजाला चालत असे. त्याचे नाव प्रत्येक लादीवर असणे महत्त्वाचे होते.

इंग्रज उत्खननकर्ते ऑस्टिन हेन्री लेयार्ड यांनी १८४५ पासून निमरुदला उत्खनन केले. निघालेली शिल्पे फुगवलेल्या कातडी पखालींच्या तराफ्यांवरून टायग्रिसमार्गे बसऱ्याला आणि तिथून जहाजाने मुंबईला येत. इंग्लंडची वाट मुंबई बंदरातून जात होती. आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला अशुरनासिरपालचा मुलगा तिसरा शालमनेसर याचा काळा स्तंभही याच वाटेने गेला. मुंबईत काही खोकी उघडली गेली आणि शहरातल्या लोकांनी त्या वस्तू पाहिल्या. भारतात संग्रहालये नुकती कुठे रुजत होती, त्या काळातली ही गोष्ट.

२०१५ मध्ये इस्लामिक स्टेटने निमरुदचा हा राजवाडा सुरुंग लावून उडवला. तिथे जागेवर राहिलेल्या लाद्यांची मोठी हानी झाली. त्यामुळे मुंबईसह जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेले पट आता राजवाड्याच्या अभ्यासाचे मुख्य साधन ठरले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये याच संग्रहालयात ब्रिटिश म्युझियम, बर्लिनची राज्य संग्रहालये आणि गेटी म्युझियम यांच्या सहकार्याने भरलेल्या प्रदर्शनात ॲसिरिया, इजिप्त, ग्रीस व रोम येथील शिल्पे भारतीय शिल्पांच्या शेजारी मांडली गेली.