'कांडारी हुशियार' : कृष्णनगर, मे १९२६

हिंदू-मुस्लिम सलोख्याचा विषय निघाला की बंगाली कवी काझी नझरुल इस्लाम यांच्या 'कांडारी हुशियार' (तांडेला, सावध!) या गीतातलं एक कडवं हमखास पुढे येतं. बुडणारे हिंदू की मुसलमान, हे विचारतो तरी कोण? तांडेला, सांग त्याला, माणसं बुडताहेत, माझ्या आईची लेकरं. एवढंच वाचलं तर ही दंगलखोर जमावाला घातलेली हाक वाटते. पण हे गीत गायलं गेलं ते बंगालच्या प्रांतिक काँग्रेस परिषदेत, मे १९२६ मध्ये, कृष्णनगरला. समोर जमाव नव्हता, पुढारी बसले होते. आणि त्याच परिषदेत दोन समाजांमधला लेखी करार मोडीत काढला गेला.

तो करार बंगालचे काँग्रेस पुढारी चित्तरंजन दास यांनी डिसेंबर १९२३ मध्ये घडवून आणला होता. बंगालमध्ये मुसलमान निम्म्याहून जास्त. सरकारी नोकऱ्यांत मात्र त्यांचा वाटा फारच तोकडा. म्हणून ठरलं की कायदेमंडळातल्या जागा लोकसंख्येप्रमाणे, सरकारी नोकऱ्यांत ५५ टक्के मुसलमान, स्थानिक संस्थांत बहुसंख्याकांना ६० आणि अल्पसंख्याकांना ४० टक्के. मशिदीपुढून वाजतगाजत जायचं नाही आणि धार्मिक कारणासाठी होणाऱ्या गोवधात आडवं यायचं नाही, अशीही कलमं होती. वाजंत्रीचा वाद मराठी वाचकाला नवा नाही. नागपूरचा दिंडी सत्याग्रह त्याच वर्षीचा.

हिंदू वर्तमानपत्रांनी 'सगळं देऊन टाकलं' म्हणून झोड उठवली. काँग्रेसच्या काकीनाड्याच्या राष्ट्रीय अधिवेशनाने करार नाकारला, तर १९२४ मध्ये सिराजगंजच्या प्रांतिक परिषदेने तो उचलून धरला. दासांनी मात्र वाट पाहिली नाही. त्याच वर्षी कलकत्त्याचे महापौर होताच त्यांनी उपमहापौरपदावर मुस्लिम सहकारी बसवला, हुसेन शहीद सुऱ्हावर्दी. करारात त्रुटी होत्याच, टक्केवारीचे आकडे घाईने बसवलेले दिसतात. पण एकीची भाषणं सगळेच करत होते, तिची किंमत कागदावर मांडून ती आपल्याच लोकांकडे मागणारा हा एकटाच होता. जून १९२५ मध्ये दास वारले आणि करार पोरका झाला.

२ एप्रिल १९२६ ला कलकत्त्यात एक धार्मिक मिरवणूक वाजत-गाजत मशिदीपुढून गेली आणि दंगल पेटली. महिना संपायच्या आत ती पुन्हा उसळली. त्या पार्श्वभूमीवर कृष्णनगरची परिषद भरली. अध्यक्षांनी भाषणात क्रांतिकारकांच्या मार्गावर टीका केली, त्यावरून गदारोळ झाला आणि ते उठून गेले. मग उरलेल्यांनी परिषद पुढे चालवली आणि करार रद्द केल्याचा ठराव केला. अध्यक्षच नसताना झालेला हा ठराव वैध कसा, असा सवाल पक्षातूनच आला. तांत्रिकदृष्ट्या तो बिनतोड होता, पण त्याचा उपयोग काय? संदेश जायचा तो गेला होता. दासांबरोबर आलेले मुस्लिम कार्यकर्ते त्यानंतर एकेक करत दुरावत गेले.

हे डोळ्यांसमोर ठेवून कविता पुन्हा वाचली की तिचा रोख कळतो. वादळात शीड फाटलेलं, पाणी फुगलेलं, उतारूंना पोहता येत नाही. ते आपसात मारामारी करताहेत. तरी तू ओढत ने, कारण भार तूच उचलला आहेस, असं कवी तांडेलाला बजावतो. आज कसोटी आहे, राष्ट्र तारणार की जात? उतारूंना सुरुवातीला 'हुशियार' असा इशारा आहे, पण मुख्य रोख तांडेलावरच. नझरुल तेव्हा कृष्णनगरातच राहत होते, दोन वर्षांपूर्वी त्यांनी हिंदू मुलीशी लग्न केलं होतं, आणि दोन्ही बाजूंच्या सनातन्यांच्या शिव्या त्यांना पाठ असणार.

त्याच वर्षीच्या 'मंदिर ओ मशिद' या लेखात ते जास्त उघड बोलतात. डोकी फुटल्यावर शेजारी शेजारी पडलेले जखमी अल्लाला हाक मारत नव्हते की कालीला. दोघेही एकाच भाषेत 'बाबा गो, मा गो' करत होते. नोव्हेंबरात ते स्वतः केंद्रीय कायदेमंडळासाठी ढाका भागातून मुसलमानांच्या राखीव जागेवर उभे राहिले. अनामतही गेली.

मे १९४७ मध्ये अखंड बंगालचा मसुदा पुढे आला, त्यातही नोकऱ्यांच्या वाटणीचं कलम होतं, या खेपेला निम्मं-निम्मं. पाठपुरावा करणाऱ्यांत दासांचा तो उपमहापौर सुऱ्हावर्दी होता, आता प्रांताचा पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री. पण १९४६ च्या कलकत्त्यातल्या कत्तलीनंतर त्याच्या शब्दावर हिंदू पुढाऱ्यांपैकी मोजक्यांचाच भरवसा उरला होता. २० जूनला कायदेमंडळात फाळणीचं मतदान झालं.

पूर्व पाकिस्तानात मग कवीच्या शब्दांवरच हात फिरू लागला. 'चल् चल् चल्' या कूचगीतातलं 'महाश्मशान' काढून तिथे 'गोरस्थान', म्हणजे कब्रस्तान, घालण्यात आलं. हेच गाणं पुढे बांगलादेशाचं रणसंगीत झालं.