शाळा सुटलेल्या किशोरींचे शिक्षण व समुपदेशन (सातारा–सांगली)

शाळा सुटलेल्या किंवा सुटण्याच्या बेतात असलेल्या, बालविवाहाची टांगती तलवार, अत्याचार किंवा घरातली रोजची भांडणे सोसणाऱ्या साधारण 12 ते 18 वयाच्या मुलींना पुन्हा शिक्षणाकडे आणण्याचे व मनाने सावरण्याचे काम. ही दोन कामे वेगळी करता येत नाहीत. नुसते दप्तर दिले की मुलगी महिनाभर येते. घरात काय चालले आहे हे कुणी विचारले, तरच ती टिकते.

माण, खटाव, जत, आटपाडी हे दुष्काळी तालुके. गावातली शाळा संपली की पुढचे शिक्षण एसटीच्या भरवशावर. मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, पण गाडी चुकली तर संध्याकाळी एकटी कशी परतणार, ही चिंता पासाने मिटत नाही. आईवडील ऊसतोडीला गेले की थोरल्या मुलीने धाकटी भावंडे सांभाळायची किंवा सोबत फडावर जायचे. हंगाम संपेपर्यंत वर्ष बुडालेले असते. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीतून तिला ‘उजवून टाकायचे’ ठरते. यात निर्दयपणापेक्षा भीती जास्त असते, म्हणून समुपदेशनाची सुरुवात मुलीइतकीच तिच्या आईपासून करावी लागते.

मुलीच्या मनावरचे ओझे कधी नावापासूनच असते. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव ज्या सातारा जिल्ह्यात आहे, तिथेच मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना ‘नकुशी’ म्हणण्याची रीत होती. ऑक्टोबर 2011 मध्ये प्रशासनाने अशा 285 मुलींचे नव्याने बारसे केले. मोठ्या मुलींनी आपली नावे स्वतः निवडली, ही त्यातली फार मोलाची गोष्ट.

समुपदेशक ताईला मुलीचा विश्वास जपायचा असतो आणि कायदाही पाळायचा असतो. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पॉक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा कायदा) ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे ‘कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द ताईने देऊ नये. काय सांगावे लागेल ते बोलणे सुरू होण्यापूर्वीच समजावावे. निवारा लागल्यास प्रकरण बालकल्याण समितीपुढे (मुलांच्या काळजी व संरक्षणाचे निर्णय घेणारी समिती) जाते. ठरलेले लग्न थांबवण्यासाठी 1098 या मुलांच्या मदतक्रमांकावर फोन करता येतो. ग्रामीण भागात ग्रामसेवक (आता पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. अर्थात तो गावातच वावरणारा, सगळ्यांच्या ओळखीचा. कुणी तक्रार केली हे फुटू न देणे त्याच्याच हाती असते. लग्न थांबल्यावरचे दिवस सर्वांत नाजूक. पाहुण्यांत झालेल्या नाचक्कीचा राग मुलीवर निघतो, म्हणून त्या काळात घरी वरचेवर जावे लागते.

लग्न होऊन गेले असले, तरी 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे वयाची 20 वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलीला ते रद्द करण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. नियमित शाळेत परतणे जमत नसेल, तर 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. कडेवर मूल घेऊन फॉर्म भरायला आलेल्या मुलीसाठीही ती वाट खुली असते.