रन (इंग्रजी क्रियापद)

रन हे इंग्रजीतील अनियमित क्रियापद असून त्याची रूपे रन, रॅन, रन अशी होतात. पायांनी धावणे हा त्याचा सर्वपरिचित अर्थ. मात्र ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या सुधारित आवृत्तीत या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले आहेत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती.

द्रवाचे वाहणे हा अर्थही धावण्याइतकाच जुना आहे. जर्मन भाषेत याच कुळातील ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे झिरपत वाहणे अशी दोन क्रियापदे वेगळी राहिली. इंग्रजीत मात्र दोन्ही अर्थ एकाच शब्दात सामावले. त्यामुळे सर्दीत नाक वाहते, नळ चालू राहतो, धुण्यात कपड्याचा रंग जातो, त्या सर्वांना इंग्रजीत रनच चालते. यंत्रे आणि आगगाड्या आल्यावर अर्थांची आणखी भर पडली. घड्याळ, इंजिन, कारखाना, दुकान यांसाठी मराठी ‘चालणे’ किंवा ‘चालवणे’ वापरते. रेल्वेच्या बाबतीत मात्र वृत्तपत्री मराठीतही लोकल ‘उशिराने धावतात’.

शिकणाऱ्याची खरी अडचण जोडशब्दांत होते. ‘रन इनटू’ म्हणजे अचानक भेटणे, पण खांबावर आदळणेही. ‘रन ओव्हर’ म्हणजे वाहनाखाली चिरडणे, शिवाय ठरलेली वेळ उलटून जाणे. ‘रन आउट ऑफ’चे उदाहरण विशेष बोलके आहे. घरातली साखर संपली की मराठीत कर्ता साखर असते. इंग्रजीत ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’ असे म्हणताना तीच गोष्ट घरच्या माणसांकडे कर्तेपण देऊन सांगितली जाते. ही उलटापालट लक्षात न घेता शब्दशः भाषांतर केले की वाक्य हमखास बिघडते.

निवडणुकीबाबत अमेरिकी इंग्रजी रन वापरते, तर ब्रिटिश इंग्रजीत प्रामुख्याने ‘स्टँड’ रूढ आहे. मराठी उमेदवारही उभाच राहतो. क्रिकेटमधील रन हे नाम याच क्रियापदाशी जोडलेले आहे. पूर्वी धावांची मोजणी काठीवर खाचा पाडून होत असे, म्हणून धावेला ‘नॉच’ असेही म्हणत. मराठीने येथे धाव, धावसंख्या, धावबाद असे स्वतःचे शब्द घडवले आणि ते रुळले. संगणकाच्या बाबतीत मात्र बोलण्यात सर्रास प्रोग्राम ‘रन करतात’.