फाइलीत फोटो बसतो कसा, छपाईत फसतो का

स्मरणिका असो, चपलांचा कॅटलॉग असो की शिवाजी विद्यापीठात द्यायचा प्रबंध, आमच्या छापखान्यात छपाईला आलेल्या फाइलीत मजकुराची तक्रार फारशी नसते. काम अडतं ते फोटोंपाशी. स्क्रीनवर छान दिसलेला फोटो कागदावर धुरकट उतरतो, चेहरे पसरट होतात, कधी फोटोच्या जागी नुसती चौकट येते. हे बहुतेक सगळं आमच्याकडे येण्याआधीच टाळता येतं. त्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : फाइलीत फोटो आणि फोटोचं माप यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात.

वर्डची फाइल आतून

वर्डची डॉकएक्स फाइल म्हणजे खरं तर एक झिप फाइल, अनेक फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं. खात्री करायची असेल तर फाइलीची एक प्रत काढा, नावाच्या शेवटचं डॉकएक्स खोडून तिथे झिप लिहा आणि उघडा. आत वर्ड नावाचा फोल्डर, त्यात मीडिया नावाचा फोल्डर, आणि त्यात तुम्ही टाकलेले सगळे फोटो ओळीने. मजकूर मात्र शेजारच्या डॉक्युमेंट नावाच्या एक्सएमएल फाइलीत असतो. जिथे फोटो यायचा तिथे या फाइलीत कोणता फोटो घ्यायचा आणि तो किती रुंद, किती उंच दाखवायचा, एवढंच लिहिलेलं असतं.

हे माप ईएमयू नावाच्या एककात असतं. १ सेंटीमीटर म्हणजे ३,६०,००० ईएमयू आणि १ इंच म्हणजे ९,१४,४००. सेंटीमीटर आणि इंच दोन्ही पूर्णांकात बसावेत म्हणून एवढं बारीक एकक घेतलंय. ८ सेंटीमीटर रुंद फोटोपुढे २८,८०,००० हा आकडा दिसेल. तुम्ही कोपरा धरून फोटो ओढता तेव्हा हा आकडा वाढतो. फोटोतले पिक्सेल, म्हणजे फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो ते, वाढत नाहीत.

कमी मात्र होऊ शकतात. वर्डच्या सेटिंगनुसार फाइल सेव्ह होताना फोटो आपोआप हलके केले जातात, आणि तेही पानावर जेवढे दिसतायत त्या मापाला धरून. म्हणजे आधी फोटो छोटा करून सेव्ह केला आणि चार दिवसांनी पुन्हा मोठा केला, तर मूळचा बारकावा परत येईलच असं नाही. म्हणून फोटो टाकायच्या आधीच फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड या वाटेने जाऊन ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’ या ओळीपुढे टिक करा. फाइल जड होईल, होऊ द्या. पेनड्राइव्हवर आणा.

वर्डऐवजी वापरतात त्या लिब्रेऑफिसची ओडीटी फाइलही झिपच. तिच्यात फोटो पिक्चर्स फोल्डरमध्ये असतात आणि माप सरळ सेंटीमीटरमध्ये वाचता येतं.

किती पिक्सेल हवेत

हातात धरून वाचायच्या छपाईला आम्ही इंचाला ३०० पिक्सेल धरतो. सेंटीमीटरला साधारण ११८ होतात. फोटोच्या रुंदीचे पिक्सेल ११८ ने भागा, तेवढ्या सेंटीमीटरपर्यंत फोटो निर्धास्त छापता येतो. ४००० पिक्सेल रुंदीचा मोबाइलचा फोटो जवळपास ३४ सेंटीमीटर जातो, आणि ए-फोर पानाची रुंदी आहे २१. तो कुठेही चालेल. ६०० पिक्सेलचा, चार जणांकडून फॉरवर्ड होऊन आलेला फोटो मात्र ५ सेंटीमीटरचा आहे, तो ओढून पानभर केला तरी.

कोल्हापुरी चपलेच्या फोटोत हे लगेच दिसतं. ६०० पिक्सेलचा फोटो १५ सेंटीमीटर केला की सेंटीमीटरला ४० पिक्सेल उरतात. चपलेचा आकार कळतो, रंग कळतो, पण वेणीच्या पट्ट्या एकमेकींत मिसळतात आणि शिलाईचा दोरा दिसेनासा होतो. हातकामाचीच किंमत सांगायची आणि फोटोत तेच दिसत नाही, असं होऊ नये. गुजरी या कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या दागिन्यांचंही तेच, कोल्हापुरी साजातले मणी सुटे दिसले पाहिजेत. लांबून पाहायच्या फ्लेक्सला याहून कमी पिक्सेल चालतात, म्हणून फ्लेक्सवर चाललेला फोटो कॅटलॉगला चालेल असं धरू नका.

वर्डच्या साइझ चौकटीत दिसणाऱ्या टक्क्यांवर विसंबू नका. फोटोच्या आत इंचाला किती पिक्सेल याची एक नोंद असते आणि टक्के तिच्यावरून निघतात. तोच ४००० पिक्सेलचा फोटो, नोंद ७२ ची असेल तर १४१ सेंटीमीटरचा ठरतो आणि ३०० ची असेल तर ३४ चा. फोटो तोच, टक्के वेगळे. पिक्सेल पाहा.

लेटेक आणि लिक्समध्ये प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

लेटेक म्हणजे आज्ञा लिहून पानं मांडायचं सॉफ्टवेअर, आणि लिक्स म्हणजे त्यावरच चालणारा, खिडक्या-चौकटींचा संपादक. गणित आणि भौतिकशास्त्राचे बरेच प्रबंध असे येतात. इथे फोटो फाइलीत नसतोच, ‘इन्क्लुडग्राफिक्स’ या आज्ञेत फक्त त्याचं नाव असतं. त्यामुळे एकटी टेक फाइल, म्हणजे लेटेकच्या मजकुराची फाइल, पाठवून भागत नाही, आकृत्यांचा फोल्डर सोबत हवा आणि फोटो कुठे आहे ते सांगणाऱ्या वाटाही (पाथ) त्याच फोल्डरच्या हिशेबाने लिहिलेल्या हव्यात. तुमच्या लॅपटॉपवरचा सी ड्राइव्ह आमच्याकडे नाही.

माप देताना ‘स्केल’, म्हणजे मूळ मापाच्या किती पट, हे टाळा. फोटोत इंचाला किती पिक्सेल ही नोंद नसेल तर लेटेकवरून पीडीएफ बनवणारं पीडीएफलेटेक ती ७२ धरतं, आणि ०.५ स्केल दिलेला मोबाइलचा फोटो ७० सेंटीमीटरचा होऊन पानाबाहेर जातो. त्याऐवजी ‘विड्थ’ द्या, आणि तीही मजकुराच्या रुंदीच्या हिशेबात, समजा ०.८ ‘टेक्स्टविड्थ’. बांधणीसाठी डावा समास वाढवावा लागला की आकृत्या आपोआप सावरून घेतात. सेंटीमीटरमध्ये लिहिलं असेल तर प्रत्येक आकृती हाताने बदलत बसावं लागतं, आणि ते काम नेमकं सादर करायच्या आदल्या रात्री निघतं.

लिक्समध्ये ग्राफिक्सच्या चौकटीत स्क्रीनवरचं प्रमाण आणि छपाईचं माप वेगवेगळं असतं. पहिलं बदलून कागदावर काहीच बदलत नाही. आलेख असतील तर स्क्रीनशॉट नको, ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढलात तिथूनच पीडीएफ काढा. असा रेषांनी बनलेला आलेख कितीही मोठा केला तरी फुटत नाही. संस्थेच्या लोगोलाही हेच लागू.

कोपराच धरा

स्मरणिकेच्या पहिल्या पानावर राजर्षी शाहू महाराजांचा फोटो असतो. ६ बाय ८ सेंटीमीटरचा फोटो जागा भरायला बाजूचा ठिपका धरून ८ बाय ८ केला की डॉक्युमेंट फाइलीत रुंदीचा आकडा बदलतो, उंचीचा तोच राहतो, आणि महाराजांचा चेहरा पसरट होतो. कोल्हापुरात हा चेहरा घराघरात माहीत आहे, चूक पहिल्या नजरेत दिसते. ‘लॉक ॲस्पेक्ट रेशो’ चालू ठेवा आणि ओढण्यापेक्षा रुंदीचा आकडा टाइप करा. जागा उरली तर आम्ही पान लावताना बघून घेऊ.

क्रॉप केलेला भाग जात नाही

हे नीट वाचा. वर्डमध्ये फोटो क्रॉप केला की कडेचा भाग फक्त झाकला जातो. किती टक्के झाकायचा तेवढं डॉक्युमेंट फाइलीत लिहिलं जातं, पूर्ण फोटो मीडिया फोल्डरमध्ये तसाच राहतो. आधार कार्डावरचा नंबर क्रॉप करून फाइल कुणाला पाठवलीत, तर तो नंबर कुणीही पाहू शकतो. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’ला टिक करा, किंवा त्याहून बरं, आधी मोबाइलवर कापलेली वेगळी प्रत करा आणि तीच टाका.

रिकामी चौकट येते तेव्हा फोटो फाइलीत न घेता नुसता जोडलेला असतो. वेबपेजवरून लिब्रेऑफिसमध्ये पेस्ट केलं की हे होऊ शकतं. एडिट मेनूतल्या लिंक्समध्ये जाऊन ‘ब्रेक लिंक’ केलं की फोटो फाइलीत येतो.

आमच्याकडे देताना

फाइल आणि सोबत मूळ फोटोंचा वेगळा फोल्डर, फोटोंना क्रमांक, आणि प्रत्येकाची रुंदी सेंटीमीटरमध्ये. व्हॉट्सॲपवर पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते वाटेतच लहान होतात. जुन्या अंकाचे मूळ फोटो हरवले असतील तर त्या अंकाची वर्ड फाइल आणा. मीडिया फोल्डरमधून फोटो काढून, पिक्सेल पाहून, कोणता किती सेंटीमीटरपर्यंत चालेल ते तुमच्यासमोरच सांगतो.